मुक्काम एक, फेऱ्या चार



गटाची बैठक संपत आली, हप्ते मोजून झाले, वह्या मिटल्या, की कुणीतरी हमखास म्हणतं, "सगळं झालं, समुद्र बघायचा तेवढा राहिला." आपल्या जामखेड तालुक्यातल्या बाईला पंढरपूर पाठ असतं, तुळजापूर पाठ असतं, मोहटादेवीला ती नवरात्रात जाऊन येते. देवाला जायचं म्हटलं की घरातून सहसा नाही म्हणत नाहीत. पण नुसतं हिंडायला, बघायला जायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. पैसे किती लागतील? दिवस किती? भाकरी कोण करणार? गुरांचं कोण बघणार? या सगळ्यांची उत्तरं देऊन एखादा गट निघतो, तेव्हा ती चार-पाच दिवसांची मोकळीक कितीतरी वर्षांनी मिळालेली असते. ती वाया जाऊ नये, म्हणून आजचं हे बोलणं.

वाया कशी जाते? गाडी ठरवताना हातात एक यादी येते. तीन दिवसांत दहा-बारा ठिकाणं! वाचून बरं वाटतं. प्रत्यक्षात रोज रात्री नवं गाव, नवी खोली, पिशव्या सोडा, पिशव्या बांधा. दिवसाचे आठ तास गाडीत. कुणाचे पाय सुजतात, कुणाला उलट्या होतात. समुद्र दिसतो तो खिडकीतून. घरी आल्यावर कुणी विचारलं, "काय पाहिलंस?" तर गावांची नावंसुद्धा नीट सांगता येत नाहीत.

आम्ही सांगतो ती रीत वेगळी आहे. समुद्रकाठचं एकच गाव धरायचं, तिथंच पाच रात्री मुक्काम करायचा आणि रोज तिथून एका दिशेला फेरी मारून संध्याकाळी त्याच खोलीत परत यायचं. खुंटा एक, दावं लांब. पिशव्या एकदाच सोडायच्या. जिला एखाद्या दिवशी बरं वाटत नाही, ती मुक्कामी थांबू शकते, तिच्यासाठी सगळ्यांचा दिवस अडत नाही. जेवण करणाऱ्या घरच्या बाईशी ओळख होते, दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या चवीचं तिखट करायला लागते. प्रवासात पाहण्याइतकंच टेकण्याला महत्त्व आहे. आपल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवींनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या वाटसरूला टेकायला जागा हवी हे ओळखूनच.

युरोपात भूमध्य समुद्राच्या काठी, म्हणजे स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान अशा देशांत लोक असंच करतात. आठवडाभर एका किनाऱ्यावर मुक्काम, आणि रोज कधी जुना किल्ला, कधी बेट, कधी डोंगरातलं गाव. पण त्यांच्यात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. भूमध्य समुद्र चारी बाजूंनी जवळजवळ जमिनीनं वेढलेला, महासागराला तो अरुंद सामुद्रधुनीतून मिळतो. त्यामुळे तिथं भरती-ओहोटी अगदी थोडी असते, बऱ्याच ठिकाणी वीतभर-हातभर. आपल्या कोकणात उधाणाच्या दिवशी पाणी माणसाच्या उंचीहून जास्त चढतं आणि उतरतं. तिथल्या लोकांनी घड्याळ पाहून दिवस आखला तरी चालतं. आपल्याला कोकणात तिथी पाहून आखावा लागतो. तो कसा, ते पुढं सांगतो. आधी गाव ठरवू.

कुठलं गाव धरायचं?

आम्ही सुचवतो रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं मुरुड, किंवा त्याला लागून असलेलं कर्दे. लांबच लांब सपाट वाळूचा किनारा, नारळी-पोफळीच्या बागा आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोय. दापोली गाव डोंगरावर आहे, तिथून खाली समुद्राकडे उतरलं की ही गावं लागतात.

गाडीवाल्याला नाव नीट सांगा, कारण मुरुड नावाची गावं एकाहून जास्त आहेत. एक लातूर जिल्ह्यातलं, बार्शीच्या पुढचं, तिथं समुद्र नाही. दुसरं रायगड जिल्ह्यातलं, जंजिरा किल्ल्याचं, त्याला मुरुड-जंजिरा म्हणतात. आपल्याला जायचंय ते मुरुड-हर्णै, तालुका दापोली. खोली ठरवताना फोनवरही "तालुका दापोलीच ना?" असं विचारून घ्या.

जामखेडहून अहिल्यानगर, पुणे, मग ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि पुढे दापोली, असा रस्ता आहे. अंतर जवळपास चारशे किलोमीटर. पहाटे निघालं तरी पोहोचायला संध्याकाळ होते. म्हणून जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे दोन दिवस वेगळे धरा आणि त्या दिवशी वाटेत काहीही बघायचं ठेवू नका. दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबवायची, हे निघण्याआधीच चालकाला सांगून ठेवा. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं ही आपल्या बायकांची वाईट सवय आहे. तिच्यामुळं प्रवासात चक्कर येते, जळजळ होते. थांबे ठरलेले असले की पाणी पिता येतं.

एसटीनं जायचं असेल तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. जाता-येताना एसटी आणि तिथल्या फेऱ्यांना स्थानिक गाडी, असाही हिशेब करून पाहा. वय दाखवायला आधार कार्ड प्रत्येकीकडं हवं.

कधी जायचं?

जून ते सप्टेंबर नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याकडं जाणाऱ्या होड्या बंद असतात, आणि जून-जुलैत मासेमारीही बंद असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते. पण आपल्याकडं अनेक घरं त्याच महिन्यांत ऊसतोडीला फडावर असतात आणि माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी येते. म्हणून गटानं आधी आपलं कॅलेंडर बघावं. ज्यांच्या घरी ऊसतोड नाही त्यांनी संक्रांतीनंतर, ज्वारी काढणीला येण्याआधी जावं. ज्यांच्यात फडावर जाणाऱ्या बहिणी आहेत त्यांनी पट्टा पडल्यावर, गुढीपाडव्यानंतर जावं. तेव्हा ऊन असतं, पण आंबेही असतात. अर्ध्या बायका फडावर असताना उरलेल्यांनी सहल उरकायची, असं मात्र करू नका. सहल सगळ्या गटाची आहे.

तिथीवरून भरती-ओहोटी

आता ते महत्त्वाचं गणित. समुद्राचं पाणी दिवसातून साधारण दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडा वर वेळ जातो. हे मुख्यतः चंद्राच्या ओढीनं होतं.

संकष्टीला आपण चंद्रोदयाची वाट पाहतो. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि मग रोज थोडा उशिरा. हा उशीर रोज पाऊण तासाच्या थोडा वर असतो. चंद्राला जितका उशीर, तितकाच भरतीला उशीर. यावरून कोकणातल्या जुन्या माणसांनी सोपा हिशेब बसवला आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती.

उदाहरण घेऊ. आज चतुर्थी आहे. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पहाटे तीनलाही. ओहोटी त्याच्या सहा तास मागं-पुढं, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या सुमाराला. आज अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशी असेल तर सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्येला बाराच्या सुमाराला भरती आणि सहाच्या सुमाराला ओहोटी येते.

हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासानं मागं-पुढं होऊ शकतो. त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी किंवा होडीत बसण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारायचंच. पण सहलीच्या तारखा ठरवायला तो पुरेसा आहे, आणि त्यासाठी मोबाइल लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, त्याला भांग म्हणतात. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या गटानं उधाणाचे दिवस टाळलेले बरे.

मग कुठल्या तिथी धरायच्या? आमच्या मते तृतीया ते षष्ठी. या चार दिवसांत ओहोटी सकाळी सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते. म्हणजे सकाळी चालायला रुंद, ओली, घट्ट वाळू मिळते, शिंपले दिसतात, आणि ओहोटी संपून पाणी हळूहळू चढायला लागतं तेव्हा पायावर लाटा घेता येतात. उधाणही ओसरलेलं असतं.

पाण्यात उतरताना

समुद्र विहिरीसारखा नाही आणि नदीसारखाही नाही. गावातल्या विहिरीत पोहणारी बाईसुद्धा समुद्रात फसू शकते. ओहोटी लागली की पाणी आत, खोलाकडं परत जात असतं आणि पायाखालची वाळूही ओढून नेतं. म्हणून ओहोटी चालू असताना पाण्यात जायचं नाही. वर सांगितलेल्या तिथींना संध्याकाळी पाणी उतरत असतं. सूर्यास्त सगळ्यांना पाण्यात उभं राहून बघावासा वाटतो, पण त्या दिवसांत तो कोरड्या वाळूवर बसूनच बघायचा.

पाणी चढत असतानाही गुडघ्याच्या वर जायचं नाही. भिजलेलं लुगडं किंवा साडी जड होते, पायात गुंडाळते. पाण्यात जायचं तर सलवार-कुर्ता किंवा गाऊन बरा. कुणी हसलं तर हसू द्या. चार-चार जणींनी हात धरून उतरायचं आणि दर वेळी दोघींनी काठावर राहून मोजत राहायचं. लाटेकडं पाठ करून फोटो काढायचा नाही. काळ्या खडकांवर शेवाळ असतं, तिथं चढायचं नाही. गाडी वाळूवर न्यायची नाही, ती रुतते आणि भरती आली की काढता येत नाही. आणि किनाऱ्यावरच्या माणसानं "इथं नको" म्हटलं तर वाद घालायचा नाही.

पहिली फेरी: मुरुड गाव आणि हर्णैचा लिलाव

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका, अंगातला प्रवास निघू द्या. सकाळी किनाऱ्यावर चाला, मग मुरुड गाव पायी बघा. दुर्गादेवीचं जुनं देऊळ बघा, त्याचं लाकडी काम बघण्यासारखं आहे.

हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी शेरवलीला जन्मलेले अण्णा वाढले इथं. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवा बाईंशी लग्न केलं, त्याच पुढं आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. लग्नानंतर जोडपं मुरुडला आलं तेव्हा गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरीही ते मागं हटले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढला, तो पुढं हिंगण्याला गेला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. आज त्याच मुरुडची ओळख त्यांच्या नावानं सांगितली जाते.

आपल्याकडं अजूनही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखादीला बोलवायचं की नाही यावर कुजबुज होते. ती गोष्ट गटात काढायला घरची बैठक अवघड जाते. या गावात ती सहज निघते. निघू द्या.

दुपारी विश्रांती घ्या आणि संध्याकाळी हर्णै बंदरावर जा. मोठ्या होड्या खोल पाण्यात थांबतात, तिथून मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून काठावर येते. पाण्यात उभे असलेले बैल बघून आपल्याला नवल वाटतं! वाळूवर ढीग लागतात आणि बोली सुरू होते. घेणाऱ्यांत आणि विकणाऱ्यांत बायका पुष्कळ. त्यांचं तोंडी गणित ऐकत उभं राहा. जामखेडच्या आठवडे बाजारात कांदा-टोमॅटो विकणारीला त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मात्र तो त्यांचा धंद्याचा वेळ आहे. मध्ये उभं राहू नका, न विचारता फोटो काढू नका. आपल्यातल्या माळकरी बहिणींना वास सोसत नसेल तर त्यांनी किनाऱ्यावरच्या वरच्या रस्त्यावर थांबावं.

दुसरी फेरी: सुवर्णदुर्ग आणि कड्यावरचा गणपती

हर्णैसमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. त्याच्या राखणीला काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे किल्ले. मराठी आरमाराच्या इतिहासात सुवर्णदुर्गाचं नाव मोठं आहे, कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द इथूनच सुरू झाली असं मानतात. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले, तेव्हा इंग्रजांच्या जहाजांनी हा किल्ला घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे.

हर्णैहून होडीनं पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिथं उतरायला धक्का नाही, पाण्यातून किंवा खडकावरून उतरावं लागतं. दरवाज्याशी पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघा. आत वस्ती नाही, दुकान नाही, पाणी आणि टोपी बरोबर हवी. होडीत बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा: जाऊन-येऊन किती पैसे, तिथं किती वेळ थांबणार, आणि प्रत्येकीला जीवरक्षक जाकीट आहे का. जाकीट नसेल तर बसायचं नाही. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना पाण्याची भीती वाटते, त्यांनी कनकदुर्गावर जावं. तिथं दीपगृह आहे, आणि काठावरूनच सगळा किल्ला आणि बंदर दिसतं. त्यांची फेरी काही कमी होत नाही.

दुपारनंतर खाडीवरचा पूल ओलांडून आंजर्ल्याला जा. कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. गाडी वरपर्यंत जाते, आणि गावातून पायऱ्यांची वाटही आहे. वरून नारळाच्या शेंड्यांपलीकडं समुद्र दिसतो. संकष्टीच्या दिवशी इथं गर्दी असते. कृष्ण चतुर्थी तुमच्या दिवसांत येत असेल तर ही फेरी एक दिवस मागं-पुढं करा, किंवा उपवास इथंच सोडायचा असं ठरवा.

तिसरी फेरी: आसूद, दापोली आणि वणंद

हा दिवस समुद्राकडं पाठ करून डोंगराकडं जायचा. सकाळी लवकर आसूदला उतरा. दाबकेवाडीतून खाली गेलं की ओढ्यावरचा छोटा पूल लागतो, आणि पलीकडं नारळी-पोफळीच्या दाट सावलीतून पायऱ्या चढत केशवराजाचं देऊळ. गोमुखातून पाणी पडत असतं. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या गारव्यात बसून राहावंसं वाटतं. तासभर बसाच. कुठं घाईनं जायचं नाही, हाच तर एका मुक्कामाचा फायदा.

मग दापोली गाव. इथलं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. आंबा, काजू, नारळ, कोकम यांच्यावर इथं काम चालतं. ज्यांना रोपवाटिकेची किंवा फळप्रक्रियेची माहिती हवी, त्यांनी आधी फोन करून वेळ घ्यावी.

दापोलीजवळच वणंद गाव आहे. माता रमाबाई आंबेडकर यांचा जन्म इथं ७ फेब्रुवारी १८९८ रोजी झाला. त्यांचे वडील भिकू दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवायचे. पहिल्या दिवशी हर्णैला ज्या टोपल्या पाहिल्या, त्या आता डोळ्यांपुढं आणा आणि हा डोंगराळ रस्ता आणा. आई-वडील लहानपणीच गेले, भावंडांसह रमाबाई मुंबईला नातेवाइकांकडं गेल्या आणि १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात त्यांचं भीमरावांशी लग्न लागलं. भीमराव परदेशात शिकत असताना त्यांनी गरिबीत संसार ओढला, लेकरं गमावली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. भीमरावांचं लहानपणही काही काळ याच दापोलीच्या छावणीत गेलं होतं. बंदर, वाट आणि गाव अशी तिन्ही ठिकाणं आपण एका मुक्कामातून पाहतो, म्हणून ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा वेगळी कळते.

चौथी फेरी: उत्तरेला वेळास किंवा दक्षिणेला दाभोळ

हा लांबचा दिवस, आणि दोन्हींपैकी एकच दिशा निवडायची.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर उत्तरेला वेळास, तालुका मंडणगड. इथं समुद्री कासवं किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री खायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीनं अंडी राखायला सुरुवात केली. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात, ती सकाळी किंवा संध्याकाळी पाण्याकडं सोडली जातात. ते बघायला पाहुणे येतात, गावातल्या घरांतच राहतात, जेवतात. रांधणाऱ्या हाताला त्यातून पैसे मिळतात. आपल्या गटांनी या बायकांशी बोलावं: दर कसा ठरवला, पाळी कशी लावली, हिशेब कोण ठेवतं. पिल्लं त्या दिवशी निघतीलच असं नसतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा.

आपल्या तालुक्याशी वेळासचं एक जुनं नातंही आहे. १७९५ साली आपल्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. तेव्हा पेशव्यांचा कारभार पाहणारे नाना फडणवीस. त्यांच्या भानू घराण्याचं मूळ गाव हेच वेळास.

इतर महिन्यांत गेलात तर दक्षिणेला दाभोळ. हे फार जुनं बंदर. चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आणि आदिलशाही काळातली खाडीकाठची दगडी मशीद बघा. मग फेरीबोट. आपली गाडीच्या गाडी बोटीवर चढते आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून पलीकडं गुहागर तालुक्यातल्या धोपावेला उतरते. तसंच परत यायचं. ज्यांना लेणी आवडतात त्यांनी पन्हाळेकाजीची २९ लेणी बघावीत. आधी बौद्धांची, पुढं नाथपंथीयांचीही, अशी एकाच नदीकाठी कोरलेली आहेत.

पैसे आणि घर

सहलीसाठी गटाच्या बचतीतून कर्ज काढू नका. बचत अडीअडचणीची असते, तिला हात लागला की घरचे म्हणणारच, "बघा, गट म्हणजे चैन." सहलीचा हप्ता वेगळा, वही वेगळी. २० जणींनी महिना २०० रुपये टाकले तर १२ महिन्यांत ४८,००० रुपये जमतात. त्यात काय बसतं ते पाहून दिवस ठरवा. गाडी, राहणं-जेवण आणि होडी, या तिन्हींचे दर आधी लिहून घ्या. राहण्याच्या ठिकाणी माणशी किती, चहा-नाश्ता त्यात आहे का, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होईल का आणि संडास-बाथरूम किती आहेत, हे विचारा. सहलीत पैसे एकीकडंच ठेवा आणि रोज रात्री जेवणानंतर खर्च मोठ्यानं वाचा.

रोजच्या गोळ्या, बीपी-साखरेची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या, पाळीचं सामान घ्या. तिथं तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, मोदक मिळतील ते आवडीनं खा, पण शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.

घरचं काय? ज्यांच्या सासूबाई किंवा मुली घर सांभाळणार आहेत, त्यांच्यासाठी पुढची सहल राखून ठेवा, आणि ते त्यांना आत्ताच सांगा. एकटीच्या घरी गुरं असतील तर जी या वेळी येत नाही तिच्याशी पाळी लावा: या वेळी तू माझी, पुढच्या वेळी मी तुझी. परवानगी मागण्यापेक्षा व्यवस्था सांगितली की बोलणं सोपं जातं.

येत्या बैठकीत तीनच गोष्टी ठरवा. सहलीची वेगळी वही उघडायची की नाही, हप्ता किती, आणि कॅलेंडर काढून कुठल्या महिन्यातली तृतीया ते षष्ठी. एवढं ठरलं की बाकीचं ठरवायला वर्ष आहे.